मानेचा संधिवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रेच्या अहवालात ‘मानेच्या मणक्यांची झीज’ असे वाचल्यावर अनेक जण हबकतात आणि त्या दिवसापासून मान हलवायलाच घाबरू लागतात. त्याउलट काही जणांच्या हातांची ताकद हळूहळू कमी होत असते, पण दुखत नाही म्हणून ते वर्ष-वर्ष डॉक्टरांकडे जात नाहीत. पहिल्या गटाची भीती बहुधा अनाठायी असते, तर दुसऱ्या गटाचा निर्धास्तपणा धोक्याचा असतो. पुढील उत्तरे मुख्यतः वयोमानानुसार होणाऱ्या झिजेच्या संधिवाताविषयी, म्हणजे सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिसविषयी आहेत. ती प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

मानेच्या संधिवातात नेमके काय झिजते?

मानेत सात मणके असतात आणि साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके दिवसभर त्यांच्यावर तोललेले असते. वरच्या दोन मणक्यांची रचना इतरांपेक्षा वेगळी आहे. त्या दोघांमध्ये चकती नसते आणि मान डावी-उजवीकडे वळवण्याच्या हालचालीतील जवळपास निम्मा वाटा या एकाच जोडीचा असतो. दुसऱ्या मणक्यापासून खाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते आणि मागच्या बाजूला दोन लहान सांधे असतात, ज्यांच्यावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो.

चकतीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंचे कडे असते. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. लगतच्या हाडातून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते आणि म्हणूनच एकदा झालेली हानी भरून येण्याची तिची क्षमता फार तोकडी असते. वय वाढते तसे गरातील पाणी कमी होते, चकतीची उंची घटते, मागच्या सांध्यांवर जास्त भार येऊ लागतो, त्यांची कूर्चा पातळ होते, आजूबाजूचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे) जाड होतात आणि हाडांच्या कडांवर नव्या हाडाचे टोकदार कंगोरे वाढतात. हे बदल पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मधल्या जागी सर्वाधिक आढळतात.

मानेचे सगळे संधिवात सारखेच असतात का?

नाही, आणि हा फरक उपचारांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. झिजेच्या संधिवातात मान सकाळी आखडलेली असली तरी थोड्या हालचालीने सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळी होते. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकत असेल, विश्रांतीने दुखणे वाढून हालचालीने कमी होत असेल, पहाटे वेदनेने जाग येत असेल आणि हे सारे चाळिशीच्या आत सुरू झाले असेल, तर दाहजन्य, म्हणजे सांध्यांना आतून सूज आणणाऱ्या, संधिवाताची शंका घेतली पाहिजे. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा त्यातलाच एक आजार आहे. त्यात मणके हळूहळू एकमेकांना जुळून जातात. असा ताठ झालेला कणा किरकोळ पडण्यानेही मोडू शकतो, म्हणून या रुग्णांनी पडल्यानंतर मान नव्याने दुखू लागल्यास ते अंगावर काढू नये.

ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा दुसरा दाहजन्य आजार वरच्या दोन मणक्यांमधील अस्थिबंध सैल करू शकतो आणि त्यामुळे तेथे अस्थिरता येते. ज्यांना हा आजार अनेक वर्षे आहे, त्यांनी कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना तो आवर्जून सांगावा, कारण भूल देताना मान मागे वाकवावी लागते. याशिवाय उतारवयात, विशेषतः मधुमेहींमध्ये, मणक्यांच्या पुढच्या अस्थिबंधात हाड साठत जाण्याचा एक प्रकार दिसतो. त्यात क्वचित मान दुखण्याऐवजी घास गिळताना अडथळा जाणवणे ही पहिली तक्रार असते.

एक्स-रे आणि एमआरआयमध्ये इतके दोष दिसले, म्हणजे माझी मान निकामी होत चालली आहे का?

बहुधा नाही. या पानावरील इतर सर्व उत्तरे विसरली तरी चालतील, पण हे लक्षात ठेवावे, असे आम्हाला वाटते. जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १,२११ व्यक्तींचे एमआरआय काढले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील ८७.६ टक्के लोकांच्या मानेत चकती बाहेर फुगलेली दिसली. विशीतल्या तरुण-तरुणींमध्येसुद्धा हे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक होते. ही सारी माणसे धडधाकट होती आणि चित्र काढले नसते तर त्यांना याचा पत्ताही लागला नसता.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे, असा नाही. चित्रात दिसणारा बदल आणि अंगावर जाणवणारे लक्षण यांची जागा जुळली तरच त्या बदलाला महत्त्व येते, एवढाच याचा अर्थ. उजव्या हाताच्या मधल्या बोटात मुंग्या येत असतील आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये उजवीकडेच नस दबलेली दिसत असेल, तर दुवा जुळतो. पण अहवालातील उल्लेख डाव्या बाजूचा असून त्रास उजवीकडे असेल, तर तो उल्लेख बाजूला ठेवून कारण दुसरीकडे शोधावे लागते. अहवाल लिहिणारे तज्ज्ञ दिसेल ते सर्व नोंदवतात, कारण ते त्यांचे कामच आहे. त्यातले काय महत्त्वाचे हे ठरवण्याचे काम हातात हातोडी घेऊन रुग्णाचे प्रतिक्षेप, म्हणजे ठोका दिल्यावर हात-पाय आपोआप कसे हलतात ते, तपासणाऱ्या डॉक्टरांचे असते.

‘मणक्यात गॅप आहे’ म्हणजे काय?

चकतीची उंची कमी झाल्याने दोन मणक्यांमधील अंतर घटले आहे, असेच बहुतेक वेळा सांगायचे असते. मणके एकमेकांपासून सुटले आहेत किंवा निखळणार आहेत, असा त्याचा अर्थ नसतो.

मानेच्या झिजेची नेहमीची लक्षणे कोणती?

मान आखडणे, एका बाजूला वळवताना कळ येणे, दुखणे खांद्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागात खांद्यांच्या दोन्ही पात्यांच्या मध्ये पसरणे, तसेच मानेच्या मुळाशी सुरू होऊन डोक्याच्या मागच्या भागात चढणारी डोकेदुखी ही नेहमीची लक्षणे आहेत. मान फिरवताना कटकट किंवा वाळू घासल्यासारखा आवाज अनेकांना ऐकू येतो. केवळ आवाज येतो, दुखत नाही, अशा वेळी त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

हा त्रास एकसारखा चढत जाणारा नसून येत-जात राहणारा असतो. महिनोन्महिने काही जाणवत नाही आणि मग एखाद्या सकाळी मान धरते. असा उठाव बहुतेकदा काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतो आणि त्यामुळे झीज अचानक वाढली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

हाताला मुंग्या का येतात? दुखते मानेत आणि बधिर होतात बोटे, असे कसे?

मानेतून मज्जातंतूंच्या, म्हणजे बोलीभाषेतील नसांच्या, आठ जोड्या बाहेर पडतात आणि त्यांतील खालच्या जोड्या खांद्यापासून बोटांपर्यंत जातात. नस ज्या छिद्रातून बाहेर पडते, ते हाडाच्या कंगोऱ्याने किंवा फुगलेल्या चकतीने अरुंद झाले की तिचा त्रास ती जिथवर पोहोचते तिथवर जाणवतो. सहावी नस दबल्यास अंगठा आणि तर्जनीत बधिरपणा येतो आणि कोपर वाकवण्याची ताकद कमी होते. सातवी दबल्यास मधले बोट बधिर होते आणि कोपर सरळ करताना, उदाहरणार्थ जड दार ढकलताना, हात कमजोर वाटतो. आठवी दबल्यास करंगळीच्या बाजूला त्रास होतो आणि मूठ सैल पडते. सातवी नस दबण्याचे प्रमाण सर्वांत जास्त आहे.

काही रुग्णांच्या लक्षात आलेले असते की दुखरा हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते. हा निव्वळ योगायोग नसतो, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण कमी होतो, आणि ही बाब डॉक्टरांना सांगितल्यास निदानाला मदत होते. मात्र रात्री बोटे बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर आराम पडत असेल, तर दोष मानेत नसून मनगटात, म्हणजे नस जिथून तळहातात उतरते त्या कार्पल टनेल नावाच्या अरुंद बोगद्यात, असण्याची शक्यता अधिक असते. खांद्याच्या सांध्याचे आजारही मानेच्या नावावर खपून जातात. हात वर उचलताना किंवा मागे नेताना दुखत असेल आणि मान फिरवताना दुखत नसेल, तर खांदा तपासून घ्यावा.

नस दबण्याचे भवितव्य लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच चांगले असते. अमेरिकेतील रोचेस्टर येथील ५६१ रुग्णांच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली होती आणि शेवटच्या तपासणीपर्यंत एकूण रुग्णांपैकी ९० टक्के जण एक तर पूर्ण बरे होते किंवा त्यांना किरकोळ त्रास उरला होता.

मज्जारज्जूवर दाब आला आहे, हे कसे ओळखावे?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कण्यातून खाली जाणारा मज्जातंतूंचा मुख्य दोर. त्यावर दाब येणे हा मानेच्या संधिवाताचा सर्वांत गंभीर परिणाम आहे आणि प्रौढांमध्ये मज्जारज्जूचे काम बिघडण्याचे सर्वांत मोठे कारणही हेच आहे. तरीही त्याचे निदान अनेकदा वर्षा-दोन वर्षांनी होते. याचे एक कारण असे की त्यात मान फारशी दुखतेच असे नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण बोलत नाही आणि बोलला तरी ‘वय झाले’ म्हणून घरचे ती गोष्ट सोडून देतात.

सुरुवात बहुधा हातांच्या बारीक कामांत दिसते. शर्टाची गुंडी लावायला वेळ लागतो, सही बदलते, सुईत दोरा ओवता येत नाही, टेबलावरचे नाणे उचलताना ते निसटते, चहाचा कप हातातून सुटतो. दोन्ही हातांना मोजे घातल्यासारखे वाटते. पुढे पाय जड होतात, जिना उतरताना कठड्याचा आधार लागतो, अंधारात तोल जातो, आणि काहींना लघवीची घाई होऊ लागते किंवा लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. हनुवटी छातीकडे नेल्यावर पाठीच्या कण्यातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, ही खूणही मज्जारज्जूकडे बोट दाखवते.

घरी करून पाहण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. हात पुढे धरून मूठ पूर्ण मिटावी आणि बोटे पूर्ण उघडावीत, असे शक्य तितक्या वेगाने दहा सेकंद करावे. निरोगी प्रौढाला हे साधारण वीस वेळा किंवा त्याहून अधिक जमते. संख्या बरीच कमी भरत असेल, किंवा करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मागे रेंगाळत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. बोटांच्या सांध्यांच्या आजारातही ही संख्या कमी होते, त्यामुळे एवढ्यावरून स्वतःचे निदान करू नये. पण ‘पाहू पुढच्या महिन्यात’ असेही म्हणू नये.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

हाताची किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी होत असेल, चालण्यात बदल झाला असेल, लघवी-शौचावरचे नियंत्रण बिघडले असेल किंवा पडल्यानंतर अथवा अपघातानंतर मान दुखू लागली असेल, तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. मानदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा रात्रीच्या झोपेतही न थांबणारी वेदना असेल, तर झीज हे कारण गृहीत धरू नये. मान, जबडा किंवा डाव्या हातात दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचे दुखणे समजून थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

मानेमुळे चक्कर येते का?

हा समज इतका रूढ आहे की चक्कर आली की मानेचा एक्स-रे काढला जातो, वयोमानानुसार असणारी झीज त्यात दिसते आणि निदान झाले असे मानले जाते. प्रत्यक्षात कुशीवर वळताना किंवा वर पाहताना काही सेकंद गरगरणे, ही तक्रार बहुतेक वेळा अंतर्कर्णातील सूक्ष्म कण जागेवरून हलल्यामुळे असते, आणि ती डोक्याच्या ठरावीक हालचालींच्या उपचाराने अनेकदा एक-दोन भेटींतच बरी होते. उभे राहताना रक्तदाब उतरणे, काही औषधे आणि अर्धशिशी हीही नेहमीची कारणे आहेत. मानेमुळे चक्कर येते असे म्हणण्यापूर्वी ही सर्व तपासली गेली पाहिजेत. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने कॉलर बांधून बसणे हा तर सरळसरळ चुकीचा उपाय आहे.

कोणत्या तपासण्या आवश्यक असतात?

साधी मानदुखी असेल आणि हातापायांत काही लक्षण नसेल, तर पहिले काही आठवडे कोणतीही तपासणी न करता उपचार सुरू करणे योग्य असते. नस किंवा मज्जारज्जू दबल्याची शंका असल्यास एमआरआय ही मुख्य तपासणी ठरते, कारण एक्स-रेमध्ये नस दिसत नाही. मान वाकवून आणि मागे नेऊन काढलेले एक्स-रे मणक्यांची अस्थिरता पाहण्यासाठी उपयोगी पडतात. दोष मानेत आहे की मनगटात, असा प्रश्न असेल तर नसांची विद्युत तपासणी करतात. दाहजन्य संधिवाताची शंका असल्यासच रक्ताच्या तपासण्या लागतात, कारण झिजेच्या संधिवातात त्या सामान्य येतात.

व्यायाम करावा की विश्रांती घ्यावी?

व्यायाम करावा. दुखण्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत काम थोडे कमी करायला हरकत नाही, परंतु त्यानंतरची विश्रांती स्नायूंना दुबळे करते आणि दुबळ्या स्नायूंमुळे मान पुन्हा लवकर धरते.

सुरुवात हालचालीच्या व्यायामांनी करावी. ताठ बसून मान सावकाश डावीकडे वळवावी, ताण जाणवेल तेथे पाच सेकंद थांबावे, मध्यावर यावे आणि मग उजवीकडे न्यावी. दुसरा उपयुक्त व्यायाम हनुवटी मागे घेण्याचा आहे. समोर पाहत, मान खाली किंवा वर न करता, हनुवटी सरळ मागे सरकवावी, म्हणजे गळ्याशी दुहेरी हनुवटी दिसू लागते आणि मानेच्या मागच्या बाजूला ताण जाणवतो. येथे होणारी नेहमीची चूक अशी की माणूस हनुवटी मागे न नेता खाली दाबतो. भिंतीला पाठ टेकून उभे राहिले आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीकडे नेला, तर हालचाल बरोबर होते. तिसरा प्रकार दाब देण्याचा आहे. तळहात कपाळावर ठेवून डोके पुढे ढकलायचे आणि हाताने ते हलू द्यायचे नाही, आणि हेच दोन्ही बाजूंनी आणि मागून करायचे. जोर थोडाच असावा. याच्या जोडीला दोन्ही पाती मागे जवळ आणण्याचा व्यायाम करावा, कारण मानेवरचा बराच भार खांद्यांचे स्नायू सांभाळत असतात.

व्यायामानंतर जागच्या जागी थोडे दुखले तर ते चालते. पण दुखणे हातात उतरत असेल किंवा मुंग्या वाढत असतील, तर तो व्यायाम थांबवावा. मज्जारज्जूवर दाब असलेल्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीशिवाय मानेचे व्यायाम करू नयेत. शीर्षासन आणि सर्वांगासन यांत शरीराचा भार मान आणि डोक्यावर येतो, म्हणून झीज निश्चित झालेल्या व्यक्तींनी ती टाळलेली बरी. रोजचे भरभर चालणे मात्र कोणालाही वर्ज्य नाही.

कॉलर वापरावा का?

साध्या मानदुखीत कॉलरचा फारसा उपयोग नाही आणि दीर्घकाळ वापरल्यास स्नायू अशक्त होतात. नस दबून नुकतीच सुरू झालेली हातदुखी हा याला अपवाद म्हणता येईल. नेदरलँड्समधील २००९ च्या अभ्यासात अशा २०५ रुग्णांपैकी एका गटाला तीन आठवडे कॉलर देऊन पुढच्या तीन आठवड्यांत तो हळूहळू काढण्यात आला, दुसऱ्या गटाला फिजिओथेरपी दिली आणि तिसऱ्या गटाची केवळ देखरेख केली. पहिल्या सहा आठवड्यांत पहिल्या दोन गटांची वेदना अधिक कमी झाली, परंतु सहा महिन्यांनी गटांमध्ये फारसा फरक उरला नव्हता. म्हणून कॉलर वापरायचाच असेल तर तो कधी सुटणार हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

वेदनाशामक गोळ्या किती दिवस घ्याव्यात?

कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असले तरी निरोगी प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि यकृताचा आजार, नियमित मद्यपान किंवा कमी वजन असल्यास ती मर्यादा आणखी खाली येते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांमध्येही हेच औषध असते, याकडे फार कमी जण लक्ष देतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दाहशामक गोळ्या उठावाच्या काळात उपयोगी पडतात, परंतु त्यांनी जठरात रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा आणि रक्तदाबात वाढ होऊ शकते. ज्येष्ठांनी, हृदयरोग्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्या घेतल्यावर वाहन चालवू नये.

झिजलेली चकती पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही. ग्लुकोसामिनसारख्या पूरक गोळ्यांनी मानेची झीज भरून येते, असा खात्रीचा पुरावा नाही. धूम्रपान सोडण्याने मात्र चकतीच्या आधीच तुटपुंज्या पोषणावरचा एक घाला टळतो.

शेक, मालिश, मान मोडणे आणि वजने लावणे यांचा उपयोग होतो का?

गरम शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात आणि तो पंधरा-वीस मिनिटे घ्यायला हरकत नाही. बधिर भागावर शेक घेताना त्वचा भाजल्याचे कळत नाही, एवढे सांभाळावे. हलक्या हाताच्या मालिशने तात्पुरते बरे वाटते. मान झटक्याने फिरवून मोडून घेणे मात्र टाळावे. मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे अस्तर अशा झटक्याने फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती दुर्मीळ असली तरी काही क्षणांच्या मोकळेपणासाठी एवढी किंमत मोजण्यासारखी नाही. ट्रॅक्शनने, म्हणजे वजने लावून मान ताणण्याने, नस दबलेल्या काही रुग्णांना आराम पडतो, पण त्याबद्दलचा पुरावा संमिश्र आहे आणि मज्जारज्जूवर दाब असल्यास किंवा मणके अस्थिर असल्यास तो उपाय करू नये.

मोबाईल आणि संगणकामुळे हा आजार होतो का?

मान साठ अंशांत वाकवली की तिच्यावर सुमारे २७ किलो भार येतो, हा आकडा सर्वत्र फिरत असतो. तो २०१४ मधील एका संगणकीय प्रारूपावरच्या गणितातून आला आहे, माणसांच्या मानेत मोजून काढलेला नाही. मोबाईलमुळे मणके झिजतात असे त्यातून सिद्ध होत नाही. तासन्‌तास एकाच स्थितीत राहिल्याने स्नायू दुखतात, हे मात्र कोणालाही अनुभवाने ठाऊक आहे. तेव्हा ‘योग्य’ बैठकीचा ध्यास घेण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने बैठक बदलणे अधिक फायद्याचे ठरते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी, असे सांगितले जाते, आणि ते बहुतेकांना लागू पडते. परंतु दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांची पंचाईत वेगळीच असते. वाचण्याचे भिंग खालच्या भागात असल्याने पडदा नीट दिसावा म्हणून ते नकळत हनुवटी वर उचलून बसतात आणि मान दिवसभर मागे वाकलेली राहते. अशांनी पडदा थोडा खाली घ्यावा, किंवा संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. हा एवढासा बदल कित्येकदा गोळ्यांपेक्षा अधिक गुण देतो.

उशी कशी असावी? उशीशिवाय झोपणे चांगले का?

कुशीवर झोपताना उशीने कान आणि खांद्यामधील पोकळी भरून निघावी आणि मान कण्याच्या सरळ रेषेत राहावी, इतकी तिची जाडी हवी. उताणे झोपताना याहून पातळ उशी पुरते. पालथे झोपल्यास मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, म्हणून ती सवय मोडावी. उशी काढून टाकण्याचा सल्ला सरसकट देणे चुकीचे आहे, विशेषतः ज्यांची पाठ वाकलेली आहे त्यांना त्याने त्रासच होतो.

वाहन चालवता येईल का?

मागे आणि बाजूला पाहण्याइतकी मान वळत असेल आणि हातापायांत ताकद असेल, तर येईल. मान वळत नसेल तर जादा आरसे काही प्रमाणात मदत करतात, पण कॉलर लावून वाहन चालवू नये.

शस्त्रक्रिया केव्हा करावी लागते आणि तिचे धोके काय?

केवळ मानदुखीसाठी शस्त्रक्रिया क्वचितच केली जाते आणि तिचा लाभही अनिश्चित असतो. नस दबल्यामुळे होणारा हाताचा त्रास सहा ते बारा आठवड्यांच्या उपचारांनी कमी झाला नाही, किंवा ताकद कमी होत चालली, तर तिचा विचार होतो. मज्जारज्जूवरील दाबाचा प्रश्न वेगळा आहे. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मध्यम आणि तीव्र स्वरूपाच्या त्रासात शस्त्रक्रियेची शिफारस आहे. सौम्य त्रासात शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालील पुनर्वसन यांपैकी कोणताही मार्ग निवडता येतो, पण लक्षणे वाढली तर शस्त्रक्रिया करावी लागते. बऱ्याच रुग्णांना तिने सुधारणा जाणवते. तथापि दीर्घकाळ दबून राहिलेला मज्जारज्जू पूर्णपणे सावरेलच असे नाही, त्यामुळे येथे उशीर महागात पडतो.

सर्वाधिक केल्या जाणाऱ्या पद्धतीत गळ्याच्या पुढच्या बाजूने चकती काढून दोन मणके एकमेकांशी जोडतात. काही रुग्णांत कृत्रिम चकती बसवतात, तर अनेक पातळ्यांवर दाब असल्यास मागच्या बाजूने मणक्याची कमान उघडून जागा वाढवतात. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे गिळताना त्रास होणे आणि आवाज घोगरा होणे, हे बऱ्यापैकी आढळते आणि बहुधा आपोआप कमी होते. मणके जोडल्यानंतर शेजारच्या पातळीवर नव्याने लक्षणे उद्भवण्याचे प्रमाण एका जुन्या, बहुचर्चित अभ्यासात वर्षाला सुमारे ३ टक्के आढळले होते. शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी ‘यातून माझे कोणते लक्षण जाईल आणि कोणते तसेच राहील’ असे शल्यविशारदांना स्पष्ट विचारावे.

एमआरआय दरवर्षी काढावा का?

नाही. झीज किती वाढली हे पाहण्यासाठी दरवर्षी चित्र काढल्याने उपचारांत काही बदल होत नाही, उलट अहवालातील नव्या शब्दांनी धास्ती वाढते. लक्षणांचे स्वरूप बदलले, हात-पाय कमजोर वाटू लागले किंवा शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला, तरच तो पुन्हा काढावा. मज्जारज्जूवर सौम्य दाब असून शस्त्रक्रिया न करण्याचे ठरले असेल, तर काही महिन्यांच्या अंतराने तज्ज्ञांकडून हातांची ताकद, चाल आणि प्रतिक्षेप तपासून घ्यावेत, आणि मधल्या काळात गुंडी लावणे, सही करणे, जिना उतरणे यांत फरक जाणवला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आधीच भेट घ्यावी.